तेराच्या तेरा

“मामा, निवड समितीचं काम बक्षीस वाटणं नसतं,” असं माझा अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. विषय होता फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०२३ चा मोसम. हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं आणि पायापेक्षा हातानंच जास्त खेळायचं, हे सगळ्यांनी सिनेमात पाहिलेलं आहे. त्यात शिरत नाही.

हा संघ मोसमातले बाराही सामने जिंकला. त्यातच १८ नोव्हेंबरला जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. ट्रॅव्हिस क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो गडी. त्याच्या जागी आलेला राखीव खेळाडूही जायबंदी झाला, तेव्हा अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या त्यांच्या विद्यापीठगटाच्या अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन नावाचं पहिल्या वर्षाचं पोर उभं केलं. आक्रमण जेमतेम चाललं, पण बचावफळीनं लुइव्हिलला सहा गुणांच्या पुढे जाऊ दिलं नाही. १६-६. तेराच्या तेरा सामने खिशात. दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरला, समितीनं राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणाऱ्या अंतिम चौघांत मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा यांना घेतलं. यातले शेवटचे दोघे एकेक सामना हरलेले होते. फ्लोरिडा स्टेट पाचवं. ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही, असं समितीचं म्हणणं. त्यावर ट्रॅव्हिसनं जाहीरपणे लिहिलं, की पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं. संघ माझ्या एकट्याच्या जिवावर नाही हे लोकांना दिसलं तरी असतं. विशीतल्या मुलावर असं लिहायची वेळ आणणाऱ्या समितीबद्दल मला आजही प्रेम वाटत नाही.

हिशेब वेगळा आणि अंदाज वेगळा, हे माझं जुनं पालुपद. झालेल्या सामन्यांचा करायचा तो हिशेब, व्हायच्या सामन्यांचा तो अंदाज. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला ‘पुढच्या वर्षी तुला जमेलसं दिसत नाही’ म्हणून कुणी बक्षीस नाकारत नाही. भाच्याचं उत्तर तयार होतं: ३० डिसेंबरला ऑरेंज बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात जॉर्जियानं याच संघाला ६३-३ असं लोळवलं. अरे, पण त्या सामन्यात दोन डझनांहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते! कुणी जखमी, कुणी व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी स्वतःला जपत होतं, कुणी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरलेली. आधी संघाचा हिरमोड करायचा आणि मग बघा कसा हरला म्हणायचं, हा कुठला न्याय?

जरा वाट वाकडी करतो. या खेळात राष्ट्रीय विजेता कोण, हे कितीतरी वर्षं वार्ताहर आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवायचे. असोसिएटेड प्रेसची क्रमवारी १९३६ पासूनची. १९९७ मध्ये वार्ताहरांनी मिशिगनला कौल दिला, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला; दोघेही विजेते! मग गणकयंत्रं मदतीला आणली, २०१४ पासून ही समिती. २०१७ मध्ये एकही सामना न हरता बाहेर राहिलेल्या सेंट्रल फ्लोरिडानं सरळ स्वतःलाच राष्ट्रीय विजेता घोषित केलं आणि मिरवणूकही काढली. हा बेडरपणा मला भलताच आवडतो. पण सव्वाशेहून जास्त संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला डझनभर सामने. सगळे सगळ्यांशी खेळणार कधी? कुणीतरी निवडायलाच लागतं.

“मग लिबर्टीचं काय?” भाच्यानं विचारलं. त्याच मोसमात लिबर्टी विद्यापीठही तेराच्या तेरा जिंकून बसलं होतं. त्यांच्यासाठी कुणी अश्रू ढाळले नाहीत, मीही नाही. का? तर प्रतिस्पर्धी लिंबूटिंबू, अलाबामासमोर हे टिकले नसते म्हणून. म्हणजे अंदाजच की! वर समितीच्या लेखी निकषांत महत्त्वाचा खेळाडू नसण्याचा मुद्दा आधीपासून आहेच. माझ्या हिशेबाच्या वहीत निम्म्या नोंदी अंदाजाच्या निघाल्या.

२०२४ पासून चौघांच्या जागी बारा संघ आले, त्यात पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या. मी खूश व्हायला हवं होतं. पण त्याच मोसमात ओहायो स्टेट आधी ओरेगनकडून एका गुणानं हरलं, मग ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर, पाच सामने हरून आलेल्या मिशिगनकडून १३-१०. मिशिगन म्हणजे त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा वैरी. एवढं होऊनही जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद ओहायो स्टेटलाच! चौघांच्या दहा मोसमांत दोनदा हरलेला एकही संघ आत गेला नव्हता. तेव्हा सप्टेंबरातल्या एखाद्या फालतू शनिवारीही जीव मुठीत धरून खेळावं लागे. आता घरच्या मैदानावर वैऱ्याकडून हरलं तरी चालतं. अन्याय निघाला, त्याच्याबरोबर ती धाकधूकही गेली. मला निवडायला सांगाल तर मी चौघांचीच पद्धत घेईन, फ्लोरिडा स्टेटवर अन्याय होतो हे धरून. हे भाच्याला सांगितलं तर तो हसत सुटला. आता तो बारांचा पुरस्कर्ता झालाय.

नव्या बारांचा फ्लोरिडा स्टेटला उपयोग झाला नाही. २०२४ मध्ये ते बारांपैकी दोनच सामने जिंकले. यावरूनही समितीच बरोबर ठरते, असं भाचा म्हणतो, ते मात्र मी ऐकून घेत नाही. त्या तेरा विजयांतली बरीचशी पोरं तोवर व्यावसायिक संघांत गेली होती.