कर्ता आणि करण

इ. स. १८९७ साली बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या एका मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या अवस्थेत आढळला, त्याची रोकड नाहीशी झाली होती, आणि त्याच्या सामानातील एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याची पुसट निशाणी उमटलेली होती. पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या कांगाली चरण नामक त्याच्या जुन्या नोकराचा ठसा सरकारी दफ्तरात होता. त्याच्या उजव्या अंगठ्याशी ती निशाणी तंतोतंत जुळली. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरविले, खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले.

ज्या विद्येने हा पुरावा उभा केला तिच्याहून मला हा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. ती विद्या थोर आहे यात संशय नाही; कलकत्त्याच्या दफ्तरात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणासाठी जे श्रम केले, ते हेन्री या त्यांच्या वरिष्ठाच्या नावाने जगभर ओळखले जावेत, याची खंत मनात राहतेच. गर्भातच त्वचेवर उमटणाऱ्या या रेषा जुळ्या भावंडांतही भिन्न असतात आणि आमरण टिकतात, हे कळल्यावर चित्रगुप्ताच्या वहीवर श्रद्धा ठेवणाऱ्या समाजाला ती वही देहावरच लिहिलेली आढळल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

परंतु देहावर नेमके काय लिहिलेले असते? धुरावरून अग्नीचे अनुमान करणारा नैयायिक त्या दोहोंच्या नित्य साहचर्याचा, व्याप्तीचा, आधार घेतो. ठशावरून स्पर्शाचे अनुमान त्या कसोटीला बव्हंशी उतरते, मात्र ताडून पाहणारी दृष्टी माणसाचीच असल्याने तीही चुकू शकते. स्पर्शावरून वधाचे अनुमान करण्यास तशी व्याप्तीच नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत. अंगठा हा त्यांतील केवळ करणाचा साक्षी होय. संकल्पाची रेषा कोणत्याही त्वचेवर उमटत नाही, आणि वाल्याचा वाल्मीकी झाला तेव्हा त्याच्या बोटांवरील एकही रेषा पालटली नसणार.

यावर कोणी विचारील की, मग त्या मृताला न्याय कोठे मिळाला? प्रश्न रास्त आहे, आणि कर्मफळ कोणालाच चुकत नाही असे म्हणून तो टाळणे मला मान्य नाही. ते समाधान श्रद्धावंताचे असेल, न्यायासनावर बसलेल्याला त्याचा आसरा घेता येत नाही. त्याने अनुमान जेथे संपते तेथेच थांबावे, मग खरा खुनी समोर उभा असण्याची शक्यता त्याच्या अंतःकरणाला कितीही जाचत असो.