सूर्य एकच, पात्रे अनेक

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत सूर्यही आहे. ठिकठिकाणी प्रतिबिंब पडून तो अनेक भासतो, पण असतो एकच.

मी कॉमर्सचा माणूस, तरी यामागचं शास्त्र थोडं समजून घेतलं. आरसा किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परत पाठवतो. खडबडीत भिंत तोच उजेड चहूकडे विखुरते, म्हणून तिच्यात तोंड दिसत नाही. पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग पाऊणपट होतो आणि तिरपा किरण वळतो. म्हणून 4 फूट खोल पाणी वरून 3 फूटच वाटतं.

हे मी नरसोबाच्या वाडीला घाटावर अनुभवलं. पायरी उथळ समजून पाय टाकला आणि तोल गेला. धाकट्या भावाने पटकन हात धरला. त्याची पाण्यात टेकलेली काठी मोडल्यासारखी वाकडी दिसत होती. वर काढली तर सरळ!

वाटणीवरून मी त्याच्याशी कित्येक वर्षं धड बोललो नव्हतो. आईच्या आग्रहाने फक्त बरोबर आलो होतो. बँकेत जन्मभर लोकांचे हिशेब जुळवले, घरचा मात्र तसाच राहिला. काठी वाकडी नव्हतीच, मीच संशयाच्या पाण्यातून बघत होतो. तिथेच त्याची क्षमा मागितली.

महाराजांचा प्रकाश सर्वांवर सारखाच पडतो. आपलं पात्र कसं आहे, एवढंच या दत्तजयंतीला तपासून बघू या.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!