घोटाबरोबर कुंपणही

१९३१ साली वॉरन लुईस यांनी पेशींना द्रव पिताना पाहिले आणि त्या क्रियेला ग्रीक धातूवरून ‘पिनोसायटोसिस’ असे नाव दिले. मराठीत मी तिला पेशीपान म्हणेन. पेशीला तोंड नसते. तिचे पटलच आत खचते, द्रवाभोवती मिटते आणि इवली पिशवी होऊन आत सुटते. म्हणजे प्रत्येक घोटाबरोबर पेशी आपल्या कुंपणाचा तुकडाही गिळते. महाभक्षी पेशी सुमारे अर्ध्या तासात आपल्या संपूर्ण पटलाइतके पटल आत घेते; ते पुन्हा पृष्ठभागी परतते, म्हणून ती टिकते.

सीमा जराही न हलवता परक्याला आत घेता येईल का? अनुवादक म्हणून मला तसे वाटत नाही. कन्नड वा बंगाली ओळ मराठीत यायची तर मराठी वाक्याला वाकावेच लागते. यात धोका आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणूही याच प्रकारच्या पिशवीतून आत शिरतो. पण दार लावून घेणेही सुरक्षित नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल आत घेणारी ग्राही प्रथिने ज्यांच्यात जन्मतः सदोष असतात, त्यांच्या रक्तात ते साचत राहते आणि हृदयावर बेतते.

पेशीला नीती नसते. आपल्याला निवड करता येते, म्हणून भाषेच्या शुद्धतेसाठी कोणाला दाराबाहेर ठेवले, याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो.