क्षमा न जाणणारा नियम

नियम कठोर असावा कीं दयाळू असावा, हा वाद नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु आजवर तो नेहमीं राजा, न्यायाधीश किंवा बाप यांच्या संबंधानें होत आला. कारण दया करावी कीं न करावी हें ठरविणारें कोणी तरी माणूस तेथें बसलेलें असे. जेथें असें माणूसच बसविलेलें नाहीं, किंबहुना तें बसूं नये एवढ्याच हेतूनें जिची रचना झाली, अशा व्यवस्थेच्या नीतीविषयीं काय म्हणावें? बिटकॉइन व त्याच्या मागून निघालेलीं इतर कूटचलनें यांनीं हा प्रश्न पुस्तकांतून काढून व्यवहारांत आणून ठेविला आहे. या चलनांकडे कोणी जुगार म्हणून पाहतो, कोणी क्रांति म्हणून. त्यांच्या बाजारभावाच्या चर्चेस तर ऊत आलेला आहे. आम्हांस त्या भावाशीं येथें कर्तव्य नाहीं.

सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं जो नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यांतील मुख्य प्रतिज्ञा अशी कीं, दोन परस्पर-अपरिचित माणसांस तिसऱ्या कोणाच्याही इमानावर अवलंबून न राहतां पैशाची देवघेव करतां यावी. ३ जानेवारी २००९ रोजीं या चलनाच्या वहीचें पहिलें पान लिहिलें गेलें. वही एकच, पण तिच्या प्रती जगभर हजारों संगणकांवर. आणि दर दहा मिनिटांच्या सुमारास तींत एक नवें पान जोडलें जातें. तें कोणीं जोडावयाचें याचा निकाल ज्या रीतीनें लागतो तिला मायनिंग म्हणतात. शब्दावरून कुदळ-फावड्याची आठवण होते. वस्तुतः हें काम सोडतीच्या अधिक जवळचें आहे. पानाचा मथळा व त्यासोबत मनास येईल ती एक संख्या घेऊन एसएचए-२५६ नांवाच्या गणिती चरकांतून दोनदां काढावयाची, आणि निघालेला आंकडा ठरलेल्या मर्यादेखालीं आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. नसला तर संख्या बदलून पुन्हां. येथें बुद्धीचा उपयोग नाहीं, अनुभवाचा नाहीं. दहा कोटी वेळां फसलेल्यास पुढल्या खेपेस यश येण्याचा संभव पहिल्या खेपेहून तिळमात्रही अधिक नसतो. शिवाय २०१६ पानें झालीं कीं, म्हणजे दर पंधरवड्याच्या सुमारास, ही मर्यादा आपोआप आंवळली किंवा सैल केली जाते. त्यामुळें जगांतील यंत्रें दुप्पट झालीं तरी नाणीं दुप्पट निघत नाहींत, कोडें मात्र दुप्पट अवघड होतें.

आरंभीं हें काम घरच्या संगणकावर होई, मग ग्राफिक्स कार्डांवर होऊं लागलें, आणि २०१३ पासून त्याकरितां एसिक नांवाचीं खास यंत्रें आलीं, जीं हें एक गणित सोडून दुसरें कांहींच करूं शकत नाहींत. लाइटकॉइननें २०११ मध्यें व मोनेरोनें २०१९ मध्यें निराळें गणित योजून सामान्य संगणकास या शर्यतींत टिकविण्याची खटपट केली. पहिलीस फार दिवस यश लाभलें नाहीं, दुसरीस बऱ्याच अंशीं लाभलें. एवढी वीज जाळून निष्पन्न काय, असें विचारणाऱ्यास उत्तर असें कीं, हा जाळच त्या वहीचें कुलूप आहे. मागलें पान कोणास बदलावयाचें असेल तर त्याला त्या पानाचे व पुढील सर्व पानांचे श्रम पुन्हां करावे लागतील, आणि तेही इतर सर्वांच्या पुढें धांवून. विजेचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु ईथरियम या दुसऱ्या मोठ्या चलनानें १५ सप्टेंबर २०२२ रोजीं ही पद्धति सोडून दिली, त्याचा विजेचा खप ९९ टक्क्यांहूनही अधिक घटला, आणि तरीही आम्ही ज्या प्रश्नाकडे वळत आहों तो जशाचा तसाच राहिला. सबब मूळ प्रश्न विजेचा नव्हे.

तो किल्लीचा आहे. या चलनाच्या साधनास वॉलेट, म्हणजे पाकीट, असें नांव पडलें आहे तें अगदींच दिशाभूल करणारें होय. पाकिटांत पैसे असतात, येथें नुसती किल्ली असते. पैसे म्हणजे त्या वहींतील नोंदी, आणि त्या हलविण्याचा अधिकार म्हणजे एक प्रचंड मोठी गुप्त संख्या. ती माणसाच्या ध्यानांत राहणें अशक्य, म्हणून २०४८ शब्दांच्या ठराविक यादींतून बारा किंवा चोवीस शब्द क्रमवार लिहून ठेवण्याची पद्धत निघाली. शेवटच्या शब्दांत पडताळ्याची सोय केलेली असते, त्यामुळें एखादा शब्द चुकून उतरविला गेला तर तें बहुधा लक्षांत येतें. परंतु कित्येक सावध लोक या शब्दांवर आपला आणखी एक सांकेतिक शब्द चढवितात, आणि तेथें मोठी विलक्षण गोष्ट घडते. तो शब्द चुकला तर यंत्र ‘चूक’ असें म्हणत नाहीं. तें निमूटपणें दुसरेंच एक पाकीट उघडतें, आणि तें रिकामें असतें. असाच प्रकार शब्द बरोबर असूनही घडतो. एका कंपनीच्या वॉलेटचे शब्द दुसरीच्या वॉलेटमध्यें घातले म्हणजे किल्ल्या काढण्याची वाट निराळी असल्यामुळें शिल्लक शून्य दिसते. पैसे कोठें गेलेले नसतात. वाट बदलून पाहिली कीं सांपडतात. पण ज्याच्या डोळ्यांपुढें शून्य उभें आहे त्याला एवढा धीर कोठला? तो मदतीसाठीं ओरडतो, आणि जो अनोळखी परोपकारी धांवून येतो तो आधीं तेच बारा शब्द मागतो. विश्वासाची गरजच उरूं नये म्हणून उभारलेल्या या नगरींत संकटांत सांपडलेला मनुष्य जितका परक्याच्या विश्वासावर पडतो, तितका जुन्या पेढीवरही पडत नसेल.

आणि किल्ली खरोखरच गेली तर? वेल्समधील न्यूपोर्ट येथील एका गृहस्थाची जुनी डिस्क २०१३ मध्यें कचऱ्यांत गेली. सुमारें आठ हजार बिटकॉइनची किल्ली तींत होती असें त्यांचें म्हणणें. तेथील नगरसंस्थेनें कचऱ्याचा ढीग उकरूं दिला नाहीं, आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानेंही त्यांचा दावा काढून टाकला. सान फ्रान्सिस्कोमधील एका प्रोग्रामरचे ७,००२ बिटकॉइन ज्या उपकरणांत अडकले तें दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर कायमचें मिटतें; २०२१ च्या आरंभीं त्याचे आठ प्रयत्न संपलेले होते. दोघांच्याही नोंदी वहींत शाबूत आहेत. वाटेल त्यानें पाहाव्या. पैसे नष्ट झालेले नाहींत, चोरीला गेलेले नाहींत, आणि तरी ते कोणाचेच नाहींत.

आमच्याकडील हुंडीच्या व्यवहाराशीं याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर तिच्याऐवजीं ‘पेठ’ लिहून देत, आणि पेठही हरवली तर ‘परपेठ’. माणूस हरवणारच, हें सराफांनीं धरून चाललेलें होतें. तें त्यांनीं अपवाद म्हणून सोसलें नाहीं, तर त्यासाठीं नांव, रीत व कागद ठरवून ठेविले. धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ठेवीचें एक स्वतंत्र पद आहे व अस्वामिविक्रयाचेंही एक आहे. अस्वामिविक्रय म्हणजे जो धनी नाहीं त्यानें केलेली विक्री. हें पद मानतांच वस्तु हातीं असणें आणि वस्तूचा धनी असणें या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. विज्ञानेश्वरानें तर मिताक्षरेंत असा पक्ष घेतला आहे कीं, स्वत्व हें लौकिक आहे, लोकव्यवहारांतील मान्यतेनें सिद्ध होणारें आहे. बिटकॉइनच्या वहीला ही भाषाच समजत नाहीं. ज्याच्या हातीं किल्ली तो धनी. चोराच्या हातीं असली तर चोर धनी. कोणाच्याच हातीं नसली तर कोणीच नाहीं. अमुक वस्तु माझी आहे, हें वाक्य तेथें खरें किंवा खोटें नसतें. तें निरर्थक असतें.

यावर दुसऱ्या पक्षाचें म्हणणें आहे, व तें ऐकून घेणें न्यायाचें होईल. तो पक्ष म्हणतो, जो हात चूक दुरुस्त करूं शकतो तोच हात हिसकावूंही शकतो. दयेचा दरवाजा ठेविला कीं त्यांतून वशिला, लाच व जुलूम हीं आंत येणारच. सायप्रसमध्यें २०१३ सालीं बँकेंतील एक लक्ष युरोंवरील ठेवींचा मोठा भाग सक्तीनें कापला गेला. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं एका भाषणानें घराघरांतील पांचशें व हजारांच्या नोटा चलनांतून गेल्या. आणि दुसऱ्याच्या हातीं किल्ली देण्याचें फळ पाहावयाचें तर क्वाड्रिगा नांवाच्या कॅनडांतील पेढीचें उदाहरण ताजें आहे. तिचा तरुण मालक डिसेंबर २०१८ मध्यें जयपूर येथें मरण पावला. किल्ल्या एकट्या त्यालाच ठाऊक होत्या म्हणून पैसे अडकले, असें आधीं सांगण्यांत आलें. पुढें २०२० मध्यें ओंटारिओच्या रोखे-नियामकांनीं चौकशी करून दाखविलें कीं, बहुतेक पैसे त्यानें जिवंतपणींच अफरातफरींत घालविले होते. ज्या देशांत नागरिकाला आपल्या सरकारचें व बँकेचें भय वाटतें तेथें निर्दय पण समान असा नियम हाच गरिबाचा कैवारी, असें कोणी म्हटलें तर आम्ही त्यास मूर्ख म्हणणार नाहीं. निष्ठुरता सर्वांना सारखी असणें हीही एक प्रकारची समता आहे.

पण ती सारखी राहते काय? कसोटीचा प्रसंग २०१६ मध्यें आला. ईथरियमवर ‘द डीएओ’ नांवाचा एक सामाईक निधि निघाला व त्यांत सुमारें पंधरा कोटी डॉलर किंमतीचें चलन जमलें. त्याच्या अटींत स्पष्ट म्हटलेलें होतें कीं, निधीचा करार म्हणजे त्याचा संगणकी मजकूर. बाकी शब्दांतील वर्णन केवळ समजुतीसाठीं. त्या मजकुरांत एक दोष होता. पैसे मागणाऱ्यास तो आधीं पैसे देई आणि मग वहींत नांवे टाकी. आधीं लिहावें, मग द्यावें, हा दुकानावरील पोराचा पहिला धडा. तो येथें कोणास आठवला नाहीं. १७ जून २०१६ रोजीं कोणीसा पैसे मागतो, नोंद होण्यापूर्वीं पुन्हां मागतो, पुन्हां मागतो, असें करीत सुमारें ३६ लक्ष ईथर काढून घेऊन गेला. त्याच्या म्हणून प्रसिद्ध झालेल्या एका पत्रांत असा युक्तिवाद होता कीं, आपण कराराप्रमाणेंच वागलों. हें पत्र कोणींही लिहिलेलें असो, युक्तिवाद बिनतोड आहे. शायलॉकनेंही दस्तऐवजाच्या अक्षरावरच बोट ठेविलें होतें.

लोकांनीं काय केलें? पुष्कळ वादविवादानंतर २० जुलै २०१६ रोजीं बहुसंख्यांनीं वही बदलली व पैसे मूळ धन्यांस परत दिले. थोड्यांनीं ती बदलण्याचें नाकारून जुनीच वही ‘ईथरियम क्लासिक’ या नांवानें पुढें चालविली. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत लेस्बॉस येथील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दृष्टांत दिला आहे. ती दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते, आणि सामान्य नियम जेथें अपुरा पडतो तेथें न्यायानेंही असेंच वांकावें, असा त्याचा आशय. बहुसंख्यांनीं लोखंडाची म्हणून मिरविलेली पट्टी प्रसंग येतांच शिशाची असल्याचें सिद्ध केलें. आमच्या मतें त्यांनीं वाईट केलें नाहीं.

वाईट पुढें झालें. नोव्हेंबर २०१७ मध्यें पॅरिटी नांवाच्या वॉलेटमधील एका सामाईक मजकुराचा ताबा कोणा एकाकडे आला, त्यानें तो पुसून टाकला, आणि पांच लाखांहून अधिक ईथर अनेक निरपराध लोकांच्या नांवें कायमचे गोठले. तेथें तर चोरही नव्हता. कोणाचें कांहीं काढून घ्यावयाचें नव्हतें, नुसतें कुलूप उघडावयाचें होतें. एप्रिल २०१८ मध्यें मत घेतलें गेलें व तें प्रतिकूल पडलें. दोन वर्षांपूर्वीं दया, आतां नियम. दोहोंमधील भेद सांगणारें न्यायपीठ नाहीं, निकालपत्र नाहीं, मागील निकालाचा आधार घेण्याची रीत नाहीं. आणि ज्या एकट्या माणसाचा बारा शब्दांचा कागद वाळवीनें खाल्ला त्याच्यासाठीं तर कोणी मतही घेत नाहीं. दयेला ज्यांनीं घरांत खोली ठेविली नाहीं त्यांच्याकडे ती आलीच तर दरवडेखोरासारखी भिंत फोडून येते, आणि थोरामोठ्यांच्याच आळींत येते. समान निष्ठुरतेचा जो एक गुण आम्हीं वर मान्य केला तोही अशा रीतीनें हातचा जातो.

जे नियमाशीं एकनिष्ठ राहिले त्यांचीही हकीकत सांगितली पाहिजे. ईथरियम क्लासिकच्या वहीमागें यंत्रबळ थोडें राहिलें. जानेवारी २०१९ मध्यें आणि पुन्हां ऑगस्ट २०२० मध्यें कोणीं तरी त्याहून अधिक बळ एकवटून तिचीं मागलीं पानें बदलून टाकलीं. तत्त्वासाठीं जी वही बदलावयाची नाहीं असें ठरलें होतें तीच बदलली गेली. वही अढळ असते ती नियमामुळें नव्हे, तिच्यापाशीं राखण करीत बसणाऱ्यांच्या संख्येमुळें; आणि राखणदारांस तेथें बसावेंसें वाटणें ही तर सर्वस्वी मानवी गोष्ट आहे.

आतां या क्षेत्रांतील जाणते लोकही निराळ्या युक्त्या सुचवूं लागले आहेत. गुपित अनेकांत असें वांटून द्यावें कीं ठराविक संख्येनें लोक एकत्र आले तरच तें जुळावें, याचें गणित शामिर या पंडितानें १९७९ सालींच मांडलेलें आहे. कांहीं वॉलेटांत धनी आपल्या विश्वासांतल्या पांच जणांचीं नांवें देतो. किल्ली हरवली तर त्यांपैकीं तिघांच्या संमतीनें नवी मिळते. हे पांच जण निवडण्याच्या कामीं मात्र संगणक कांहीं साह्य करीत नाहीं. बायकोचें नांव बहुतेक घालतात. भावाच्या नांवापाशीं, विशेषतः वाटण्या व्हावयाच्या असतील तर, पुष्कळांचा हात थबकतो. मित्र परदेशीं असतो, वकिलाचें वय झालेलें असतें, आणि मुलाला एवढ्यांत सांगावें कीं न सांगावें याचा घरांत निकाल लागलेला नसतो.