खुंट

जावई वेलिंग्टनला नोकरीला आहे. निलगिरीत कुन्नूरच्या शेजारी हे लष्करी गाव. दोन वर्षांमागं जानेवारीत आम्ही नवराबायको तिथं महिनाभर राहून आलो. बायकोला थंडी सोसेना, ती घरात चुलीगत तो विजेचा हिटर धरून बसायची. मी मात्र सकाळीच बाहेर. क्वार्टरच्या खाली उतारावर एका म्हाताऱ्याचा दोन एकर चहा होता आणि कडेला सावलीच्या जाळीखाली रोपं. मी जन्मभर कलमं बांधत आलेला माणूस. रोपवाटिका दिसली की पाय आपोआप वळतात.

म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा कमी हिंदी येत होतं, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. त्यानं चहाची एक फांदी कापली, कोवळा शेंडा टाकला, खालचा जून भाग टाकला, मधल्या फांदीचे तुकडे केले. एका तुकड्याला एक पान आणि पानाच्या बगलेत एक डोळा, बस्स. एवढा बोटभर तुकडा मातीच्या पिशवीत खोचायचा. माती आंबट लागते. आंबट नसेल तर मूळ धरत नाही. सप्टेंबरात लावलेली एक पिशवी फोडून त्यानं मला मुळ्या दाखवल्या. पांढऱ्या, केसांसारख्या, पण सोटमूळ नाही. सोटमूळ बियाच्या झाडालाच.

चहाचं बी पेरलं तर आईबापासारखं झाड येत नाही. आंब्याचंही तेच. म्हणून मळेवाले एक चांगलं झुडूप निवडतात आणि त्याच्याच काड्यांची हजारो झुडपं करतात. सगळी एका वेळी फुटतात, दोन पानं न् कळी एकसारखी हाताला येते. म्हाताऱ्याच्या एक एकरात असं होतं. दुसऱ्या एकरात त्याच्या बापानं बियापासून लावलेला चहा. एक झुडूप बारीक पानाचं, शेजारचं रुंद पानाचं, एक फुटलेलं तर एक झोपलेलं. तो एकर काढून टाका म्हणून पोरं मागं लागली होती. म्हातारा काढू देत नव्हता. त्याचं म्हणणं, यातलं चांगलं कुठलं ते मला ठाऊक नाही, कोरडं वर्ष आलं की कळतं.

ऐकायला बरं वाटलं. पण मला पोरांचंही पटलं. पानं विकून घर त्यांनाच चालवायचंय. आजोबाची आठवण फॅक्टरीच्या काट्यावर भरत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. आईचं झाड आठवत होतं.

आमच्या आजऱ्याकडच्या रानात विहिरीच्या वर एक रायवळ आंबा होता. कुणी लावलेला नव्हता, आपसूक आलेला. फळ लहान, चोच लांब, देठाशी चिकाचा उग्र वास, पण रस असा पातळ न् गोड की वाटी तोंडाला लावून प्यावा. आई त्याच्याच कैरीचं लोणचं घालायची. मी दहावीनंतर कोय कलम शिकलो. पावसाच्या तोंडाला कोयी रुजत घालायच्या, तांबूस पानांचं कोवळं रोप आलं की वरचा शेंडा छाटायचा, खुंटाला चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची. कोयी लागायच्या त्या याच झाडाच्या. सुरुवातीची तीन वर्षं माझी सगळी खुंटं आईच्याच झाडाची होती. म्हणजे लोकांच्या रानात मी जो हापूस दिला, तो उभा होता आमच्या रायवळाच्या पायावर.

1991 साली मी ते झाड तोडलं. त्याच्या सावलीत पंधरावीस हापूस मावत होते. आईला विचारलं. ती म्हणाली, "तोड म्हंतोस तर तोड. तुझ्या बापानं लावल्यालं न्हाई, आपसूक आलंया." त्या वर्षी तिनं लोणचं घातलं नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पुढं कुणाकुणाच्या कैऱ्या आणून घातलं, पण मला वाढताना "बघ कसं झालंय" असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

तोडण्यात पाप झालं असं मी आजही म्हणणार नाही. त्या हापूसवर विहिरीचं कर्ज फिटलं, लेक शिकली, म्हणून तर जावई वेलिंग्टनचा. घर चालवणाऱ्यानं कधी ना कधी काहीतरी तोडलेलंच असतं. मला टोचतं ते वेगळंच. हजारो कलमं बांधणाऱ्या माणसानं आईच्या झाडाची एक काडी बांधली नाही. दहा मिनिटांचं काम. बांधाला एक रोप उभं राहिलं असतं. सुचलंच नाही, कारण ती काडी कुणी विकत घेणार नव्हतं.

मग वाटतं, हीसुद्धा सोयीची गोष्ट आहे. एक काडी राखली असती तर मन साफ ठेवून कुऱ्हाड मारता आली असती, एवढाच फरक. काडीतून झाड वाचलं असतं, खरं. पण त्याच्या सावलीला दुपारी बसणारी आई? ती काडीवर कुठं बसणार होती?

वेलिंग्टनला एका साहेबाच्या बंगल्यात कॅमेलियाचं झाड होतं. चहाच्याच कुळातलं, पण फुलासाठी लावतात. चहाचं फूल बारकं, पांढरं, मधे पिवळे केसर. या फुलात केसर दिसतच नव्हते, पाकळीत पाकळी, मेणाची केल्यागत. केसर नाहीत म्हणजे बी धरणं नाही. तिथला माळी फांदीची साल काढून, शेवाळ बांधून त्याची गुटी करत होता. असलं झाड आपल्या जिवावर वंश वाढवू शकत नाही. कुणीतरी आवडीनं कापायचं, दुसऱ्या कुणीतरी लावायचं, अशी ती जात इथवर आलेली. मी बघत राहिलो. आवडलं म्हणून जगलं, म्हणावं तर आईचं झाडही मला आवडत होतंच की.

माळ्यानं दोन गुट्या दिल्या. एक घरी येईतो वाळली. दुसरी धरली, पण आमच्या एप्रिलात कळ्या गाळते. बायको म्हणते, तिला परत पाठवा.

आता गेल्या मे महिन्यातलं. गारगोटीकडचा एक गडी कलमं न्यायला आला. पूर्वी माझ्याकडून त्याच्या बापानं हापूस नेले होते. पिशवीतून चार आंबे काढून पुढं ठेवले नि म्हणाला, "काका, तुमच्या हापूसला हे काय लागतंय बघा." वादळात वरचा हापूस जोडापासून मोडला होता. खालचा खुंट फुटला, वाढला, त्याला ही फळं. कलम नेल्याचं साल विचारलं. 1989. लहान फळ, लांब चोच. देठ नखानं खुडला आणि वास घेतला.

ते आईचं झाड नव्हे, हे मला कळतं. तिच्या झाडाच्या कोयीचं झाड. बाप कुठला कुणास ठाऊक. रस थोडा दाट, गोडी जरा कमी. तरी अख्खा आंबा मी त्याच्यासमोर पिळून प्यायलो, चोथासुद्धा चोखला. त्याला वाटलं मी चूक झाकतोय. त्याला दोन हापूस फुकट दिले आणि सांगितलं, झाड तोडू नकोस, मी काड्या न्यायला येतो.

पावसात सात बांधल्या. चार लागल्या. रोपं विहिरीच्या वर ठेवलीत. कुठं लावायची ते ठरत नाही, कारण तिथं हापूस उभे आहेत आणि पोरगा म्हणतोय, ते तोडायचे नाहीत.