उरलेला तास कोणाचा?

एखाद्या राष्ट्राने वर्षभरात एकूण किती तास काम केले, याचा हिशेब मांडता येतो. जर्मनीत तो गेली अनेक वर्षे मोठ्या काटेकोरपणे मांडला जात आहे. वरवर पाहता हा विषय अर्थशास्त्रज्ञांचा. परंतु त्या आकड्यांपाशी थोडे थांबले, तर त्यांच्या आड एक जुना नैतिक प्रश्न उभा असलेला आम्हांला दिसतो. माणसाच्या वेळेवर हक्क कोणाचा?

१८७० च्या सुमारास जर्मन कामगार वर्षाकाठी सरासरी ३,००० हून अधिक तास राबत असे. पहिले महायुद्ध संपताच, १९१८ च्या नोव्हेंबरात, तेथे ८ तासांचा दिवस मान्य झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत ६ दिवसांचा, सुमारे ४८ तासांचा आठवडा रूढ होता. १९५६ च्या मे दिनी कामगार संघटनांनी एक भित्तिपत्रक काढले. त्यावरचे लहान मूल सांगत होते की, शनिवारी बाबा माझे असतात. पुढील दशकात ४० तासांचा आठवडा एकेका उद्योगात येत गेला. १९८४ साली धातू व मुद्रण उद्योगांतील कामगारांनी कित्येक आठवडे संप केला आणि १९९५ मध्ये पश्चिमेकडील धातुउद्योगात ३५ तासांचा आठवडा अमलात आला.

एकीकरणानंतरची कहाणी अधिक विचार करायला लावणारी आहे. १९९१ साली जर्मनीत सुमारे ३ कोटी ८८ लाख माणसे कामावर होती. प्रत्येकी सरासरी १,५५० तास धरले, तर बेरीज ६० अब्ज तासांच्या आसपास जाते. २०२३ साली कामावरची माणसे ४ कोटी ६० लाखांच्या घरात होती, सरासरी मात्र १,३४० तासांपर्यंत उतरली होती. तरीही बेरीज ६० अब्जांहून थोडी अधिकच भरली. म्हणजे ओझे जवळपास तेवढेच राहिले, ते उचलणारे खांदे वाढले.

हे ध्यानात घेतले की एक प्रचलित आरोप तपासून पाहता येतो. २०२५ साली चान्सेलर फ्रीडरिश मेर्झ यांनी देशाला अधिक काम करावे लागेल, असे जाहीरपणे सांगितले. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या समाजात निवृत्तांचा भार कोणी वाहायचा, ही त्यांची चिंता खोटी नाही. परंतु घटत्या सरासरीवरून संपूर्ण राष्ट्राला आळशी ठरवणे न्यायाचे होणार नाही. सरासरी उतरण्याचे एक मोठे कारण असे की, पूर्वी ज्यांच्या श्रमाचे तास या हिशेबात शून्य होते, अशा असंख्य स्त्रिया अर्धवेळ नोकरी करू लागल्या. आज नोकरी करणाऱ्या जर्मन स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या अर्धवेळ काम करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण पुष्कळच कमी आहे.

मग उरलेला अर्धा दिवस या स्त्रिया विश्रांती घेतात काय? २०२२ च्या पाहणीत आढळले की, घरकाम, मुलांचे संगोपन, आजाऱ्यांची शुश्रूषा अशा बिनमोबदल्याच्या कामासाठी स्त्रिया आठवड्याला सुमारे ३० तास देतात, तर पुरुष सुमारे २१. राष्ट्राच्या बेरजेत या तासांना स्थान नाही. राष्ट्र उभे राहते ते मात्र यांच्यावरही. ज्या श्रमाला वेतन नाही तो श्रमच नव्हे, अशी समजूत या मोजणीतून नकळत रुजते.

याउलट, कामाचा अभाव म्हणजेही विश्रांती नव्हे. २००५ च्या आरंभी जर्मनीतील बेकारांची संख्या ५० लाखांवर गेली होती. त्यांच्याजवळ वेळच वेळ होता. पण तो त्यांना कोणी दिलेला नव्हता, त्यांच्यावर लादलेला होता. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील शेवटच्या प्रहराचे कामकरी असेच चौकात उभे होते. आम्हांला कोणी कामावर लावले नाही, हे त्यांचे उत्तर आजही काळजाला भिडते. मळ्याच्या धन्याने त्यांचे मोल तासांवर ठरवले नाही, कारण त्यांच्या घरची भूक तासांवर ठरत नव्हती. २००९ च्या मंदीत आणि पुन्हा २०२० च्या महामारीत जर्मनीने या दाखल्याच्या जवळ जाणारे काही केले. मागणी घटली तेव्हा अनेक कारखान्यांनी माणसे काढण्याऐवजी सर्वांचे तास कमी केले आणि बुडालेल्या वेतनाचा काही भाग सार्वजनिक निधीतून भरून दिला गेला. संकट वाटून घेता येते, हे एका आधुनिक औद्योगिक राष्ट्राने दाखवून दिले.

विश्रांतीविषयीची देवाची आज्ञा मुळात कोणाला उद्देशून आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. अनुवादाच्या पुस्तकात ती घरधन्याला सांगितलेली आहे. त्याच्या दासाला, दासीला, परक्याला, बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळावा. कारण तो स्वतः एकदा मिसर देशात गुलाम होता. म्हणजे विश्रांती ही आपण घ्यावयाची तशीच दुसऱ्याला द्यावयाची वस्तू आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात कामाचे तास माणसाच्या शक्तीबाहेर नसावेत आणि रविवारची विश्रांती राखली जावी, असे बजावले. त्याच्या एकच वर्ष आधी, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली होती. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण त्या आज्ञेचे मर्म त्यांना उमगले होते. जर्मनीच्या राज्यघटनेतही रविवारला संरक्षण आहे आणि २००९ साली तेथील घटना न्यायालयाने ख्रिस्तसभांच्या तक्रारीवरून बर्लिनमधील आगमनकाळाचे रविवार सरसकट दुकानांसाठी खुले ठेवण्यास मनाई केली.

अधिक तास काम करणे हे आपोआप पुण्य नव्हे, कमी तास करणे हे आपोआप सुखही नव्हे. वाचलेला तास कोणाच्या पदरात पडला, यावरून समाजाची पारख होते. आपल्या कुटुंबांनाही हाच प्रश्न लागू पडतो. रविवारी मिस्सा आटोपून आपण घरी परततो. सुटी सर्वांची असते. पण स्वयंपाकघरात मात्र बहुधा एकच जण शिरते. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्याची सुटी असते का, हे किती घरांत विचारले जाते? घरधनी या नात्याने देवाची आज्ञा आपल्याला उद्देशून आहे. येत्या रविवारी ती पाळण्याची सुरुवात कोणाच्या तरी हातचे काम आपल्या हाती घेऊन करता येईल.