पेरायचे धने

दिवाळीच्या सुमारास परसात कोथिंबीर पेरायची, हा आमच्या घरचा जुना रिवाज. सेलू तालुक्यात, दुधनेकाठच्या आमच्या गावी आजी मडक्यातले धने काढी, पायताणाखाली हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करी आणि मोरीच्या पाण्यावरच्या वाफ्यात टाकी. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, हे तिला कोणी शिकवले नव्हते. रगडलेले धने लवकर उगवतात, एवढे तिला ठाऊक होते.

माघात वाफा पांढऱ्या फुलांनी भरे. सर्वांत उशिरा फुलणाऱ्या दोनचार रोपांना ती लाल दोरा बांधी. बी धरायचे ते त्यांचेच. लवकर फुलणाऱ्या रोपाचे बी पेरीत गेले, की पुढली कोथिंबीरही पाने द्यायची सोडून फुलायचीच घाई करते.

एकदा अवचित पाहुणे आले. आईने मला कोथिंबीर आणायला धाडले. सगळा वाफा फुलून गेलेला. हिरवीगार होती ती दोरा बांधलेली रोपेच. मी ती मुळासकट उपटली. आजी रागावली नाही. उरलेल्या रोपांचे धने तिने काढले, पण मडक्यात ठेवले नाहीत. "हे मसाल्याला. पेरायला न्हाईत," एवढेच म्हणाली.

माझे काय चुकले, हा प्रश्न मला अजून पडतो. अतिथीच्या पानात उत्तम ते वाढावे, हाही धर्मच. पण उत्तम तेवढे खाऊन उरलेसुरले पेरणारे घर वर्षावर्षाने दरिद्री होत जाते. मग आज आलेल्या पाहुण्याचा मान मोठा, की अजून न आलेल्याचा? 1941 ते 1944 या काळात लेनिनग्राडला वेढा पडला असताना तिथल्या बीजसंग्रहाच्या संस्थेतले काही शास्त्रज्ञ उपासमारीने मेले. जपून ठेवलेल्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. त्यांच्यापुढे मान लवते, पण भुकेल्या पोराच्या आईला हे उत्तर सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या घरी उत्तर आले ते शेजारून. त्या दिवाळीत शेजारच्या काकू पदराच्या गाठीला धने बांधून आल्या. "मावशी, तुमचंच बी हाय. दोन सालांमागं तुम्हीच दिलं व्हतं." आजीने ते कपाळाला लावले. दोरा बांधून राखलेले मी गमावले होते. मूठभर देऊन टाकलेले तेवढे घरी परतले.

शेतकऱ्याने आपल्या शेतातले बी राखावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे, हा त्याचा हक्क 2001 च्या कायद्याने मान्य केला आहे. राखणे आणि देणे तिथे एकत्र आले, याचे मला समाधान वाटते. आजीचे निम्मे मडके शेजारच्या घरात होते, म्हणूनच ते रिकामे झाले नाही.

आमच्याकडून दिवाळीत शेजारी फराळाचे ताट जाते. हल्ली त्याच्या कडेला धन्यांची एक पुडी असते.